जुलैच्या धो-धो पावसात आभाळ गप्प का असतं?

हस्त नक्षत्र जवळ आलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंचांगाच्या पानाचा फोटो येतो: वाहन अमुक, गडगडाटासह वृष्टी. खाली कुणीतरी हमखास लिहितं, 'हवामान खात्याला जमत नाही ते पंचांगाला जमतं.' सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात गोव्यात दुपारनंतर आभाळ गडगडतं, हे खरंच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेलं ते ज्ञान आहे. नक्षत्राचा पाऊस ज्या प्राण्यावरून सांगतात, त्या वाहनाचं मात्र तसं नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक ठरवायचा. या भागाकारात वारा नाही, बाष्प नाही, समुद्र नाही. काणकोणला जो बेडूक, तोच लातूरलाही.

मला याच्या उलटा प्रश्न जास्त आवडतो. जुलैत गोव्याच्या सत्तरी किंवा सांगे तालुक्यात दिवसभरात शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळतो, ओहोळ रस्त्यावर येतात, आणि तरी बहुतेक वेळा आभाळ एकदाही गडगडत नाही. पाऊस मोठा तर विजा जास्त, असं आपण धरून चालतो. पण वीज तयार व्हायला नुसतं पाणी पुरत नाही, बर्फ लागतो.

वर जावं तशी हवा थंड होते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. पावसाळ्यात गोव्यावर शून्य अंशाची पातळी साधारण ५ किलोमीटरवर असते. तिथे पोचलेले थेंब लगेच गोठतात असं मात्र नाही. गोठायला त्यांना योग्य असा धूलिकण लागतो. तो मिळेपर्यंत उणे १० अंशांतही ते पाणीच राहतात. हे अतिशीत थेंब. त्यांच्याच सोबतीला बर्फाचे बारीक स्फटिक असतात, आणि अतिशीत थेंब चिकटून गोठत गेल्यामुळे झालेल्या साबुदाण्याएवढ्या मऊ गाराही. ढगात वर जाणाऱ्या हवेच्या झोताबरोबर स्फटिक भराभर वर जातो, जड गार मागे पडते, आणि वाटेत दोघांची टक्कर होते. टकरीत विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. साधारण उणे १५ अंशांहून थंड भागात गारेवर ऋण भार बसतो आणि स्फटिकावर धन. त्याहून उबदार भागात नेमकं उलट. ही सीमाही पक्की नाही, ढगात अतिशीत पाणी किती आहे त्यावर ती सरकते. टकरीत भार नेमका का बदलतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. अशा असंख्य टकरींनंतर ढगाचा माथा धन होतो, मधला पट्टा ऋण, तळाशी थोडा पुन्हा धन. मग कधीतरी मधल्या हवेचा बांध फुटतो. विजेच्या वाटेतली हवा क्षणात ३०,००० अंशांच्या घरात तापून फुगते आणि आपल्याला गडगडाट ऐकू येतो.

गारांना वर पेलून धरायचं तर ढगात वर जाणारा झोत दणकट हवा, सेकंदाला १० मीटर किंवा त्याहूनही अधिक. जुलैत नेमका तोच नसतो. आभाळ झाकलेलं, त्यामुळे जमीन तापत नाही. हवा वरपर्यंत दमट, त्यामुळे ढगातली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम उबदार आणि तिची उसळी कमी. समुद्रावरचा पश्चिमेचा वारा सह्याद्रीला भिडतो, चढतो, थंड होतो. मिठाच्या कणांभोवती जमलेले थेंब एकमेकांना गिळत वाढतात आणि बराचसा पाऊस शून्य अंशाच्या पातळीखालीच तयार होऊन उतरतो. घाटाजवळच्या वाळपईत किनाऱ्यावरच्या पणजीपेक्षा जास्त पाऊस पडतो तो याच चढामुळे.

मे आणि ऑक्टोबरची गोष्ट निराळी. पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, मिरच्या वाळवणारं ऊन जमीनही तापवतं, समुद्रवारा दुपारी बाष्प आत आणतो, आणि घाटाजवळ ढगांचे मनोरे १२ किलोमीटरच्याही वर चढतात. ऑक्टोबरात वरचा वारा पूर्वेकडून फिरलेला असतो. म्हणून पावसाळ्यात समुद्राकडून येणारं सावट तेव्हा संध्याकाळी घाटाकडून येतं.

हवामान खात्याचा अंदाज वाचताना म्हणूनच पाऊस आणि मेघगर्जना वेगवेगळ्या धराव्यात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'मुसळधार', ११५.६ पासून पुढे 'अति मुसळधार' (वाहिन्यांवर दोन्हींची सर्रास 'ढगफुटी' होते; खरी ढगफुटी म्हणजे तासाभरात १०० मिलिमीटरच्या घरात पाऊस). 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजणाऱ्या फार तर पाव भाग केंद्रांवर. सांग्यात विजा आणि म्हापशात लख्ख ऊन असलं, तरी अंदाज बरोबरच ठरतो. विजेचा एकेक ढग तास-दीड तास जगतो. तो कुठल्या वाड्यावर उभा राहील हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. त्यासाठी पणजीचं डॉप्लर रडार आणि त्यावर बेतलेले पुढच्या तीन तासांचे इशारे असतात. सरद, म्हणजे पावसाळी, भाताच्या कापणीला उघड्या शेतात उभ्या असलेल्यांसाठी मेघगर्जनेचा पिवळा इशारा मला जुलैतल्या नुसत्या पावसाच्या नारिंगी इशाऱ्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर विळा ठेवून पक्क्या घरात जावं, माडाखाली नव्हे.