आरोग्यव्यवस्थांची तुलना

आजारपणाचा खर्च कोण उचलतो, केव्हा उचलतो आणि त्यातून लोकांच्या पदरात काय पडते, हे देशादेशांत ताडून पाहण्याचा अभ्यास. डॉक्टर किती, खाटा किती हे मोजणे सोपे असते. तापाने फणफणलेले मूल घेऊन आई दवाखान्याच्या दारात उभी राहते, तेव्हा तिला आधी पैशांचा विचार करावा लागतो का, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न.

जर्मनीत बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८३ साली कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. कामगार आणि मालक अशा दोघांच्या वर्गणीतून चालणारी ही पद्धत तिथे आजही टिकून आहे. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. तिचा पैसा मुख्यतः करांतून येतो. कॅनडात विमा सरकारी, डॉक्टर मात्र बहुतांशी स्वतंत्र व्यवसाय करणारे. सस्काचेवान प्रांताने १९६२ मध्ये ही योजना आणली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ संप केला होता. अमेरिकेत १९६५ पासून वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आहे. बाकीचे बरेचसे लोक नोकरीतून मिळणाऱ्या खासगी विम्यावर अवलंबून असतात, त्यामुळे नोकरी गेली की विमाही जाण्याची भीती.

तुलनेची मोजपट्टी कोणती, यावर वाद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली देशांची क्रमवारी लावली. त्यात फ्रान्स पहिला, अमेरिका ३७ वी आणि भारत ११२ वा होता. पद्धतीवर इतकी टीका झाली की तशी क्रमवारी संघटनेने पुन्हा काढली नाही. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते, तरी तिथले सरासरी आयुर्मान जपानपेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी आहे. मात्र याचा सगळा दोष रुग्णालयांच्या माथी मारता येत नाही. बंदुका, अमली पदार्थ, रस्ते अपघात आणि लठ्ठपणा यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

भारताने बारकाईने पाहावा असा देश म्हणजे थायलंड. तिथे २००२ पर्यंत देशभर पोहोचलेली योजना '३० बाट' या नावाने ओळखली जाते. बाट हे थाई चलन. सुरुवातीला दर भेटीला रुग्णाने तीस बाट एवढीच रक्कम द्यायची होती. सरकारी नोकर आणि खासगी आस्थापनांतले कामगार यांच्यासाठी आधीच वेगळ्या योजना होत्या. उरलेले बहुसंख्य लोक, म्हणजे शेतकरी, मजूर, फेरीवाले, या योजनेत आले. डॉ. संगुआन नित्यारम्पोंग यांनी तिच्यासाठी अनेक वर्षे खपून काम केले. पण ती एका रात्रीत उभी राहिली नव्हती. नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीची सेवा १९७० च्या दशकातच लागू झाली होती आणि पुढच्या दशकात तालुक्यातालुक्यांत रुग्णालये उभारली गेली. विमा आला तेव्हा कार्ड दाखवायला दार होते आणि दारामागे डॉक्टर होता. शिवाय बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे पहिल्यापासून योजनेत धरली गेली.

भारतात नेमकी इथेच उणीव राहिली. २०१८ ची आयुष्मान भारत विमा योजना किंवा महाराष्ट्रातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, दर महिन्याची डॉक्टरांची फी हा घराला हळूहळू पोखरणारा खर्च तिच्या बाहेरच राहतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण थायलंडमध्ये हा वाटा साधारण एक दशांश आहे. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरसह तपासणी आणि उपचार मोफत केले. थायलंडच्या वाटेने टाकलेले हे पाऊल म्हणता येईल, मात्र औषध तिथल्याच खिडकीवर मिळाले तरच.

भारताची एकच सरासरी काढून ती दुसऱ्या देशाशेजारी मांडणे फसवे ठरते. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५ मातांचा मृत्यू झाला.