भरपाई दिली की विषय संपला?

"ऑफिसचा कॉम्प्युटर रागाने फोडला तरी फक्त भरपाई द्यावी लागते, सायबर गुन्हा म्हणजे हॅकिंग," असा फॉरवर्ड वर्षानुवर्षे फिरतोय. भरपाईचा भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं कलम 43 उघडा. त्यात डेटासोबत खुद्द कॉम्प्युटरचं नुकसानही येतं. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं, तर कलम 66: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 324 आहेच. नुकसान एक लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कीबोर्डवर चुकून चहा सांडला? घाबरू नका, गुन्हा ठरायला हेतू किंवा जाणीव लागते. दोन्ही कायद्यांचा मूळ मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.