विमा नाकारल्यावर रुग्णहक्कांची माहिती (महाराष्ट्र)

आरोग्यविमा अडला, अपुरा पडला किंवा नाकारला गेला, तरी रुग्णाला कोणते उपचार मिळायलाच हवेत, पैशाची दुसरी सोय कुठे आहे आणि दाद कोणाकडे मागायची, हे त्याला व नातेवाइकांना वेळेवर समजावून सांगण्याचे काम. ते रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक, टीपीए डेस्कचे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेशी व्यवहार पाहणाऱ्या खिडकीचे) कर्मचारी आणि रुग्णहक्क कार्यकर्ते करतात. करायला हवे ते मात्र सर्वात आधी रुग्णालयाने.

सुरुवात तीन गोष्टी वेगळ्या करून सांगण्यापासून होते. कॅशलेस नाकारले याचा अर्थ विमा कंपनीने आगाऊ हमी दिली नाही, एवढाच. बिल भरून नंतर परतफेड मागण्याचा मार्ग खुला असतो. दावा फेटाळला तर कंपनी पैसे देत नाही, पण त्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. उपचार करायचे की नाहीत, हे या दोन्हींवरून ठरत नाही. प्रत्यक्षात डेस्कवरून ‘रिजेक्ट झालंय’ एवढेच कानावर पडते आणि घाबरलेले नातेवाईक रुग्णाला घरी नेतात. सर्वाधिक नुकसान या क्षणी होते, म्हणून माहितीही याच क्षणी, तोंडी आणि मराठीत द्यावी. रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. पण अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला माणूस भिंतीवरचा फलक वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो.

तातडीच्या रुग्णाला प्राथमिक जीवरक्षक उपचार आधी मिळाले पाहिजेत. डिपॉझिट आणि कागदपत्रे नंतर. जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 मध्ये स्पष्ट केले. बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सर्व रुग्णालयांनी मोफत उपचार करायचे असतात. रस्ते अपघातातील जखमींसाठी 2025 पासून केंद्राची योजना आहे: नियुक्त रुग्णालयात, अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. त्यासाठी रुग्णाचा स्वतःचा आरोग्यविमा लागत नाही.

पैशाची दुसरी वाट शोधताना दोन प्रश्न लगेच विचारावेत. रुग्णालय धर्मादाय आहे का? असल्यास, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. दुसरा प्रश्न: रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? असल्यास आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, भेटावे. संरक्षण कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत असते, मात्र यादीतल्याच उपचारांना. दोन्हीकडे चूक एकच होते: उशीर. योजनेला पूर्वमंजुरी लागते. शस्त्रक्रिया खासगी रुग्ण म्हणून उरकल्यावर विचारणा केली, तर सहसा हाती काही लागत नाही. म्हणून विम्याची क्वेरी (मंजुरीआधी कंपनीने विचारलेली शंका) रेंगाळताना दिसली की उत्तराची वाट न पाहता हे अर्ज तयार ठेवावेत.

विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत. त्यानंतरच्या विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. नकार लेखी आणि पॉलिसीतील कलमासह मागावा. ‘आधीचा आजार लपवला’ हे कारण असेल, तर पॉलिसी किती काळ सलग चालू आहे ते पाहावे: 60 महिने पूर्ण झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर दावा नाकारता येत नाही. अनेकदा घोळ केसपेपरवरच्या एका ओळीचा असतो. रक्तदाब ‘5 महिने’ऐवजी ‘5 वर्षे’ असा लिहिला गेला असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी खुलासा घ्यावा.

अंशतः मंजुरीमागे बहुधा खोलीभाडे असते. मर्यादा रोज 5,000 रुपयांची आणि खोली 8,000 ची घेतली, तर फरक फक्त 3,000 चा राहत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार असे संलग्न खर्चही आठास पाच या प्रमाणातच मिळतात. औषधे, इम्प्लांट (शरीरात बसवायची उपकरणे) आणि तपासण्यांना ही कपात लावायची नसते. तिथे ती दिसली तर हरकत घ्यावी. दाखल होतानाच हे सांगितले, तर कुटुंब साधी खोली निवडू शकते.

बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. वसुलीसाठी रुग्णालयाला कायदेशीर मार्ग आहेत. पैसे संपल्यामुळे रुग्णाला हलवायचेच असेल, तर ‘डामा’वर, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर, सही करण्याची घाई करू नये. त्या सहीमुळे नोंद अशी होते की कुटुंबाने स्वतःहून उपचार नाकारले. त्याऐवजी सरकारी रुग्णालयाच्या नावे संदर्भचिठ्ठी आणि उपचारांचा सारांश मागावा.

परतफेडीसाठी मूळ बिले, पावत्या, डिस्चार्ज समरी, तपासणी अहवाल, इम्प्लांटचे स्टिकर आणि कॅशलेस नकाराचे पत्र जपावे. केसपेपरची प्रत लेखी मागितल्यावर 72 तासांत मिळायला हवी. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षभरात विनाशुल्क अर्ज करता येतो. तिथे वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे येथे लोकपाल कार्यालये आहेत.