जनरल विल्किन्सन आणि ती सांकेतिक चिठ्ठी : थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत गद्दार म्हटलं की पहिलं नाव येतं बेनेडिक्ट अर्नॉल्डचं, तो त्यांचा सूर्याजी पिसाळ. अर्नॉल्ड निदान उघड उघड पलीकडे गेला, इंग्रजांचा लाल कोट चढवला आणि विषय संपला. त्याच्याच हाताखाली काही दिवस काढलेला जेम्स विल्किन्सन मात्र स्पेनच्या राजाचे पैसे खात खात अमेरिकन लष्कराचा सगळ्यात वरचा अधिकारी झाला, पहिल्या चार राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली नोकरी करून गेला, आणि जिवंतपणी त्याच्यावर एकही आरोप कोर्टात टिकला नाही. वर म्हटलेली सांकेतिक चिठ्ठी म्हणजे १८०६ ला माजी उपराष्ट्राध्यक्ष आरन बर्रच्या नावाने त्याला आलेलं कटाचं पत्र, तिच्याकडे क्रमाने येतो.

स्वातंत्र्ययुद्धातलं थोडक्यात उरकतो. मेरीलँडचा, जन्म १७५७, डॉक्टरकी शिकत होता ती टाकून सैन्यात शिरला. १७७७ ला साराटोगाच्या विजयाची बातमी काँग्रेसला, म्हणजे तिकडच्या संसदेला, पोचवायचं काम त्याच्याकडे आलं, तर हा पठ्ठ्या वाटेत होणाऱ्या बायकोच्या गावी रेंगाळला. याला बक्षीस म्हणून बुटाला लावायचे स्पर्स द्या, घोडा तरी जोरात पळवेल, असं एक सदस्य म्हणाला म्हणतात. तरी विसाव्या वर्षी ब्रेव्हेट, म्हणजे मानद, ब्रिगेडियर जनरल! मग वॉशिंग्टनविरोधी कारस्थानातल्या पत्राची गोष्ट दारूच्या नशेत बोलून बसला, आपल्याच साहेबाशी द्वंद्वयुद्धापर्यंत वेळ आणली, नंतर सैन्याच्या कपड्यांचं खातं मिळालं तर तिथल्या हिशोबावरून बोंब झाली आणि १७८१ ला तेही सुटलं.

खरी गोष्ट सुरू होते केंटकीत. १७८४ च्या सुमारास हा तिकडे गेला आणि त्याच वर्षी स्पेनने मिसिसिपी नदी अमेरिकन मालाला बंद केली. डोंगर ओलांडून पूर्वेकडे तंबाखू न्यायची म्हणजे मालापेक्षा भाडं जास्त, त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्याला न्यू ऑर्लीन्सशिवाय दुसरा दरवाजाच नव्हता. १७८७ ला विल्किन्सन होड्या भरून माल घेऊन सरळ न्यू ऑर्लीन्सला पोचला, स्पॅनिश गव्हर्नरला भेटला आणि परत आला तेव्हा खिशात व्यापाराची परवानगी होती. मोबदल्यात त्याने लिहून दिलं होतं की केंटकीला अमेरिकेपासून तोडून स्पेनकडे वळवायचं बघतो, आणि वर स्वतःची निष्ठा बदलत असल्याचं एक निवेदन सही करून दिलं. ही रीतसर शपथ होती की नुसतं गोलमोल निवेदन यावर आजही वाद घालणारे आहेत. मला विचाराल तर फार फरक पडत नाही, कारण पुढे पेन्शन सुरू झाली, वर्षाला २,००० डॉलर, आणि कागदोपत्री नाव पडलं एजंट १३.

यातली गंमत अशी की केंटकी काही तुटली नाही, १७९२ ला गुपचूप अमेरिकेचं राज्य झाली. म्हणजे याने स्पेनला विकलेला माल कधी पोचलाच नाही, बिल मात्र येत राहिलं. धंदा बुडाल्यावर हा १७९१ ला परत सैन्यात आला, आणि आता विकायला केंटकीपेक्षा भारी गोष्ट हातात होती, सैन्याची आतली माहिती.

पैसे यायचे चांदीच्या नाण्यांत, नदीने, आणि त्यातच सगळे लफडे व्हायचे. १७९४ ला ६,००० डॉलर घेऊन निघालेल्या निरोप्याला होडीवरच्या स्पॅनिश खलाशांनीच मारलं आणि नाणी वाटून घेतली. त्यातले काही पकडले गेले, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून चौकशीला दुभाषी आणला तर तो निघाला स्पेनचाच माणूस! दोन वर्षांनी ९,००० च्या वर डॉलर पिंपांत लपवून आले, तेव्हा विल्किन्सनचा वरिष्ठ जनरल वेन त्याच्या मागावर होता, पुरावा जमवत होता, आणि डिसेंबर १७९६ मध्ये तो अचानक आजाराने गेला. त्याच्या जागी लष्करात सगळ्यात सीनियर कोण, तर विल्किन्सन. नशीब म्हणावं तर ते असं.

अमेरिकन सरकारला हे कळलं नव्हतं का? कुणकुण सगळ्यांना होती. वॉशिंग्टनच्या वेळचा हिशोब असा होता की माणूस नाराज ठेवला तर जास्त धोकादायक, बढती दिली तर आपला राहील. जेफरसनचा हिशोब वेगळा, अधिकारी बहुतेक विरोधी पक्षाचे, त्यात हा वारा येईल तसा वळणारा म्हणून सोयीचा. १८०१ ला विल्किन्सनने हुकूम काढला की सैन्यातल्या सगळ्यांनी मागची शेंडी कापायची, तेव्हा जुने अधिकारी केसांची वेणी घालून फिरायचे. एक म्हातारा कर्नल अडून बसला, माझे केस देवाने दिलेत, हुकमाने कापणार नाही. त्याच्यावर दोनदा कोर्ट मार्शल चाललं, १८०५ ला पिवळ्या तापाने गेला तोवर शेंडी शाबूत होती. शवपेटीला भोक पाडून ती बाहेर ठेवायला सांगितलं होतं अशी दंतकथा आहे, खरीखोटी देव जाणे. मुद्दा एवढाच की शेंडीसाठी दोन कोर्ट मार्शल आणि पेन्शनसाठी तोवर एकही नाही.

१८०३ च्या डिसेंबरात न्यू ऑर्लीन्समध्ये अमेरिकेचा झेंडा चढला तेव्हा फ्रान्सकडून विकत घेतलेला लुइझियाना प्रांत ताब्यात घेणाऱ्या दोन अधिकाऱ्यांपैकी एक हाच. दोनच महिन्यांत स्पेनकडून १२,००० डॉलर घेऊन त्यांना सल्लाही देऊन झाला, त्यात पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेली लुईस आणि क्लार्कची मोहीम वाटेत अडवा हेसुद्धा होतं. स्पॅनिश तुकड्या खरंच निघाल्या, सापडलं कोणी नाही. ज्या सरकारने मोहीम पाठवली त्याच सरकारचा सेनापती हे सांगतोय!

आता बर्रचं प्रकरण, म्हणजे आरन बर्र, माजी उपराष्ट्राध्यक्ष, द्वंद्वयुद्धात माजी अर्थमंत्री हॅमिल्टनला मारल्यावर पूर्वेकडे तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. त्याला मेक्सिकोवर स्वारी करायची होती की पश्चिमेकडची राज्यं फोडायची होती की दोन्ही, ते तो ज्याच्याशी बोलेल त्याप्रमाणे बदलायचं. विल्किन्सन त्याचा जुना दोस्त, दोघांची सांकेतिक पत्रं कधीपासूनची. शब्दाऐवजी एका पॉकेट डिक्शनरीचं पान नंबर आणि ओळ नंबर लिहायचा, शिवाय माणसांसाठी वेगळी चिन्हं.

८ ऑक्टोबर १८०६, नाकिटोश, स्पॅनिश टेक्सासच्या सीमेजवळची छावणी. संध्याकाळी विल्किन्सन एका कर्नलच्या खोलीत बसलेला, तेवढ्यात एक तरुण आला, म्हणाला स्पॅनिशांशी लढाई होणार ऐकलं, स्वयंसेवक म्हणून आलोय. कर्नल काही कामाने बाहेर गेला आणि त्या पोराने खिशातून पाकीट काढून जनरलच्या हातात सरकवलं. आत चिठ्ठी होती, पैसे जमलेत, इंग्लंडचं आरमार मदतीला येईल, नोव्हेंबरच्या मध्याला ५०० ते १,००० माणसं नदीने खाली निघतील, आणि बर्रनंतर दोन नंबरला विल्किन्सन. रात्री त्याने डिक्शनरी घेऊन ती उलगडली.

आणि त्याने बर्रला विकलं. का, यावर दोनशे वर्षं शाई खर्च होतेय. त्याचं स्वतःचं म्हणणं देशभक्ती. काहींच्या मते तो शेवटपर्यंत स्पेनचाच नोकर होता, मेक्सिको वाचवणं ही त्याची ड्युटी. मला हे दोन्ही पटत नाही, तारखा बघा. आधीच्या जुलैपासून केंटकीतलं एक नवीन वर्तमानपत्र जुनं स्पॅनिश प्रकरण उकरून काढत होतं आणि त्यात याचं नाव होतं. बर्रचा सगळा डाव स्पेनशी युद्ध पेटण्यावर होता, तर सप्टेंबरअखेर स्पॅनिश सैन्य सीमेवरच्या सबीन नदीपलीकडे मागे गेलं, म्हणजे युद्धाचं निमित्तच गेलं. बर्रबरोबर बुडायचं की बर्रला बुडवून हिरो व्हायचं एवढाच प्रश्न उरला होता आणि त्याला उत्तर द्यायला तेरा दिवस लागले! २१ ऑक्टोबरला जेफरसनला पत्र गेलं, नेणाऱ्या लेफ्टनंटने ते चपलेच्या तळव्यात शिवून नेलं. त्यातही हुशारी बघा, कटाचा म्होरक्या कोण ते आपल्याला माहीत नाही असा आव आणलाय. चिठ्ठी उलगडून झाली होती तरी.

त्याच दमात याने एक माणूस खेचरं विकत घ्यायच्या नावाखाली मेक्सिकोला पाठवला. तिथल्या व्हाइसरॉयला निरोप असा की तुमचं राज्य मी वाचवलंय, लाखाच्या वर डॉलर पाठवा. व्हाइसरॉयने आभार मानून हात हलवत परत पाठवलं. मग त्या प्रवासाचा खर्च याने अमेरिकन सरकारकडून वसूल केला. एकाच कामाची दोन बिलं, त्यातलं एक पास झालं.

न्यू ऑर्लीन्समध्ये जाऊन त्याने वॉरंटशिवाय धरपकड केली, कोर्टाचे आदेश धाब्यावर बसवले. प्रत्यक्षात बर्र आला तेव्हा सोबत शंभर माणसंही नव्हती. १८०७ ला रिचमंडला खटला झाला, राजद्रोह सिद्ध करायला उघड कृती आणि तिचे दोन साक्षीदार लागतात, ते मिळाले नाहीत, बर्र सुटला. खरी मजा त्याआधीच्या ग्रँड ज्युरीत, म्हणजे कोणावर खटला भरायचा ते ठरवणाऱ्या पंचांपुढे, झाली. मुख्य साक्षीदार विल्किन्सन, आणि त्यालाच आरोपी करायचं का यावर मतदान होऊन तो ९ विरुद्ध ७ ने वाचला. ही वेळ आली कारण चिठ्ठीची जी उकल त्याने सादर केली त्यात खाडाखोड होती आणि ती त्याला कबूल करावी लागली. गाळलेल्यात सुरुवातच होती, '१३ मे चा शिक्का असलेलं तुमचं पत्र मिळालं' अशा अर्थाची. म्हणजे चिठ्ठी हे उत्तर होतं, आधी याने काहीतरी लिहिलं होतं.

पुढचं सगळं उताराचं. १८०९ ला न्यू ऑर्लीन्सच्या खाली दलदलीत छावणी टाकली, वरून हलवायचा हुकूम आला तरी हलवली नाही, सुमारे २,००० सैनिकांतले निम्मे मेले किंवा पळून गेले. लढाई नव्हती, शत्रू नव्हता, डास आणि किडके पीठ होतं. माझ्या मते पेन्शनपेक्षा हा गुन्हा मोठा, पण यावर कोणी फार लिहीत नाही. १८११ ला कोर्ट मार्शल होऊन ख्रिसमसच्या दिवशी निर्दोष, राष्ट्राध्यक्षाने नाराजी लिहून निकाल मंजूर केला आणि तलवार परत दिली. १८१३ ला मोबील जिंकलं, कॅनडाच्या सीमेवर दोनदा माती खाल्ली, परत चौकशी, परत सुटका, मग सैन्यातून छुट्टी. टेक्सासात जमीन मिळवायच्या खटपटीत मेक्सिको सिटीत जाऊन राहिला आणि २८ डिसेंबर १८२५ ला तिथेच गेला.

पावत्या सापडल्या त्या नंतर. १८५० च्या दशकात लुइझियानाच्या एका इतिहासकाराने स्पेनमधले कागद छापले, पुढे हवानाचं स्पॅनिश दप्तर स्पेनमधल्या सेव्हिलला गेलं, त्यात एजंट १३ ची पत्रं, रकमा, सगळं. मग तो दोषी ठरला आणि आपोआप बर्रची बाजू थोडी उजळली.

चिठ्ठीचं भांडण मात्र मिटलं नाही. १९८० च्या दशकात बर्रची कागदपत्रं संपादित करणाऱ्यांनी अक्षर ताडून बघितलं तर ते बर्रचं नाहीच, त्याच्या एका दोस्ताचं, अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या न्यू जर्सीतल्या माजी स्पीकरचं वाटतं असं मत दिलं. बर्रने सांगून लिहून घेतली की दोस्ताने परस्पर फुगवून लिहिली, यावर आता वाद आहे. ते १३ मे चं पत्र मिळालं तर बरंच कळेल, पण ते कुठेच नाही. रिचमंडला बर्रला त्याबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा तो एवढंच म्हणाला की ते मी मुद्दाम माझ्या हाताबाहेर ठेवलंय, मलासुद्धा हजर करता येऊ नये म्हणून.