इंधन-भाजीपाला ते परसबाग

शाळेच्या ताटात ताजी भाजी कधी आली, हे सांगायला सुरुवात तांदळापासून करावी लागते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या उद्योगाधारित शिक्षणात बागकाम होतं, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ होता; पण शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या आजच्या योजनेचं मूळ १९९५ मधलं. तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. तो घरी जायचा आणि घरच्या डब्यात मिसळायचा. त्यातला पोराच्या पोटात किती गेला, कोण बघणार? नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या, असं बजावलं आणि पुढे खिचडीचं पातेलं शाळेत आलं.

खरा गुंता झाला तो 'इंधन-भाजीपाला' या शब्दात. तांदूळ सरकारी गोदामातून येतो, डाळी-तेल-मसाला पुरवठादाराकडून. उरलेल्यासाठी शाळेला जे पैसे मिळतात, त्यांचं हे नाव. सरपण आणि मेथी एकाच रकान्यात! निकषांत भाजी ठळक आहे : पहिली ते पाचवीला रोज ५० ग्रॅम, सहावी ते आठवीला ७५. पण गॅस महागला की सिलिंडर थांबवता येत नाही, भाजी थांबवता येते. मग खिचडीत दोन बटाटे, एखादा टोमॅटो आणि वरून कोथिंबीर. त्यातून पैसे मागाहून येणार. तोवर भाजीवाल्याची उधारी मुख्याध्यापकांच्या नावावर. भाजीला पहिल्यापासून स्वतःचा रकाना असता, तर निम्मी रडगाणी टळली असती, असं माझं मत.

या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये केंद्राच्या शालेय पोषण बागेच्या मार्गदर्शक सूचना आल्या. आपल्याकडे त्यांना 'परसबाग' हा घरगुती शब्द चिकटला. परस म्हणजे घराची मागची बाजू; शाळेतली बाग मात्र बऱ्याचदा दर्शनी अंगणात दिसते, कारण तिच्या स्पर्धा होतात आणि परीक्षक फाटकातून आत येतात. हात धुण्याच्या नळाचं पाणी अळूला आणि केळीला, कुंपणावर दोडका, कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता. वीस पटाच्या प्राथमिक शाळेला दिवसाला किलोभर भाजी लागते. एवढं पावसाळ्यात त्या वाफ्यांतून निघू शकतं. तीनशे पटाला पंधरा किलो लागते. तिथे बाग शिकवण्यापुरतीच.

ती शिकवण घरापर्यंत नेण्याचे प्रयत्न अलीकडचे. २०१८ पासून सप्टेंबरात पोषण माह, म्हणजे सकस आहाराच्या जागृतीचा महिना असतो. पालकसभेत शेवग्याच्या पाल्याची भाजी चाखायला ठेवतात, मुलं बियांच्या पुड्या घरी नेतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मात्र पालकांच्या पिशवीत पुन्हा कोरडा शिधाच पडला. २०२१ मध्ये योजनेचं नाव बदललं. २०२३ च्या अखेरीस आठवड्याला अंडं किंवा केळं सुरू झालं, त्यावर वाद पेटला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं.

बागेचं बरंचसं आधीपासून लोकसहभागावरच चालतं. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि अळूला पाणी घालायला स्वयंपाकीण मावशी घरून येतात.