पार्श्वभूमी : "८०जी आहे ना, मग झालं" हे कुठून आलं

देणगी मागायला कोणी आलं की आपल्याकडे साधारण दोनच प्रश्न विचारले जातात, संस्था रजिस्टर्ड आहे का आणि तिला ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता) आहे का. दोन्हीला हो आलं की माणूस खिशात हात घालतो. पण नोंदणी काय किंवा ८०जी काय, दोन्ही गोष्टी देणगीदाराला भरवसा देण्यासाठी तयारच झाल्या नव्हत्या. एक मालमत्ता सांभाळायला आली, दुसरी करात सूट द्यायला.

नोंदणीचं आधी उरकतो. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा (आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय) आला तेव्हा डोळ्यासमोर होती देवस्थानं, धर्मशाळा आणि त्यांच्या जमिनी. विश्वस्त मंडळी देवाची जमीन घरची असल्यासारखी वापरतात, हिशेब कोणी विचारत नाही, ही तक्रार जुनीच होती. कायद्याला आव्हान दिलं गेलं, १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बहुतांशी कायम ठेवला. तेव्हापासून धर्मादाय कार्यालयात प्रत्येक संस्थेचं एक पान असतं, त्यात विश्वस्तांची नावं, जमीनजुमला, रोख, दागिने. त्यालाच आपण शेड्यूल वनचा उतारा म्हणतो. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट टाकायचा, दरवर्षी ऑडिट द्यायचं, जमीन विकायची तर आधी परवानगी. संस्था काम बरं करते का, हा प्रश्न त्या पानावर कुठेच नाही. आणि चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहतात, त्यामुळे उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावं दिसणं हे आपल्याकडे इतकं कॉमन आहे की त्यावरून संस्था बोगस ठरवायची तर अर्धा जिल्हा बोगस निघेल.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्याकडे सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्थासुद्धा धर्मादायकडे ट्रस्ट म्हणून नोंदवावी लागते, म्हणून पावतीवर एफ ने सुरू होणारा नोंदणी नंबर दिसतो, नुसता चॅरिटेबल ट्रस्ट असेल तर ई. गणपतीच्या मंडळाला वर्गणी गोळा करायलासुद्धा याच कायद्याच्या ४१ सी कलमाखाली परवानगी काढावी लागते (किती काढतात ते सोडा). अशी यंत्रणा सगळ्या राज्यांत नाही. दिल्लीतला ट्रस्ट सब-रजिस्ट्रारकडे डीड (स्थापनेचा दस्त) नोंदवून मोकळा होतो, दरवर्षी हिशेब मागणारं असं धर्मादाय ऑफिस तिथे नाही. त्यामुळे पुण्यात बसून दिल्लीच्या संस्थेला "रजिस्टर्ड आहे का" विचारलं तर उत्तर खरंच हो असतं, पण त्या हो ला इथल्यासारखं वजन नसतं.

आता ८०जी, खरा घोळ इथे आहे.

आयकर कायद्यात हे कलम १९६८ ला आलं. देणगी दिली की करपात्र उत्पन्नातून सूट, बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेची, तीही मर्यादेत. सूट द्यायची म्हणजे संस्था कोणती हे ठरवायला हवं, म्हणून आयकर खातं मान्यता देतं. बास, एवढंच. पण ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लागलं, पावतीवर ठळक छापलं गेलं आणि लोकांनी त्याचा अर्थ "सरकारने तपासलेली संस्था" असा लावला. संस्थांनी तो खोडून काढला नाही, कशाला काढतील.

आधी ही मान्यता ठराविक मुदतीची असायची, जास्तीत जास्त ५ वर्षं. मुदत संपली की परत अर्ज, परत कागद, परत आयकर ऑफिसच्या चकरा. लहान संस्थांचा यात जीव जायचा हे खरंच आहे, दोन खोल्यांत वसतिगृह चालवणाऱ्याने काम करायचं की फायली वाहायच्या. मग २००९ च्या फायनान्स अ‍ॅक्टने ही भानगडच काढून टाकली, १ ऑक्टोबर २००९ किंवा त्यानंतर संपणाऱ्या मान्यता आपोआप कायमच्या झाल्या. गंमत अशी की सर्टिफिकेट जुनंच राहिलं. त्यावर लिहिलेलं "३१ मार्च २०११ पर्यंत वैध" आणि पावती फाडली जातेय २०१५ ला. देणगीदार विचारायचा अहो ही तर संपलीये, मग ऑफिसातला माणूस मान्यता कायमची झाल्याचं सांगणाऱ्या आयकर खात्याच्या २०१० च्या सर्क्युलरची झेरॉक्स काढून दाखवायचा. काही संस्थांनी तर तो सर्क्युलर नंबरच पावतीवर छापून टाकला.

माझ्या मते २००९ चा निर्णय दिसायला दयाळू होता पण तपासणीच्या दृष्टीने तिथेच गाडी घसरली. म्हणजे एकदा मान्यता मिळाली की ती रद्द होईपर्यंत चालू, रद्द कोण करणार तर ज्याच्याकडे आधीच कामाचा ढीग आहे तो, आणि मधल्या काळात संस्था बंद पडली, विश्वस्त भांडून कोर्टात गेले, कोणीतरी लेटरहेड घेऊन वेगळंच दुकान थाटलं, तरी ८०जी चा नंबर जिवंतच. शिवाय रिटर्न भरताना देणगीदाराने संस्थेचं नाव, पॅन आणि रक्कम टाकायची, पण संस्थेने तीच रक्कम कळवलीये का हे जुळवून बघायची सोयच नव्हती. चेकने लाख घ्यायचे, पावती लाखाची द्यायची, कमिशन कापून बाकी रोख परत, हा धंदा त्यावरच चालला. रोख देणगीवरच्या सुटीची मर्यादा २०१७ मध्ये १०,००० वरून २,००० वर आणली, पण चेकने येऊन रोखीत परत जाणाऱ्या पैशाला त्याचा काय अडसर.

त्याच सुमाराला एक आकडा गाजला. महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टवरच्या आरोपांपासून सुरू झालेली याचिका सुप्रीम कोर्टात वाढत वाढत देशभरच्या संस्थांवर गेली आणि २०१५ मध्ये तपास यंत्रणेने सांगितलं की देशात ३१ लाखांवर संस्था आहेत आणि १० टक्केसुद्धा हिशेब दाखल करत नाहीत. हा आकडा तेव्हापासून सगळ्या संस्थांच्या तोंडावर फेकला जातो, त्यातल्या कित्येक नुसत्या कागदावर उरल्यात हे मात्र कोणी सांगत नाही.

मग २०२० चा फायनान्स अ‍ॅक्ट, आणि चक्र उलटं फिरलं. सगळ्यांनी नव्याने ऑनलाइन अर्ज करायचा, मान्यता ५ वर्षांची, नवीन संस्थेला आधी तात्पुरती ३ वर्षांची. लागू व्हायचं होतं जून २०२० ला, कोविडमुळे १ एप्रिल २०२१ वर गेलं, आणि जुन्या संस्थांसाठी अर्जाची तारीख तर इतक्या वेळा वाढली की शेवटची मुदत ३० जून २०२४ पर्यंत आली. लहान संस्थांनी शिव्या घातल्या, आणि पासवर्ड एकाकडे, डिजिटल सही दुसऱ्याकडे, अध्यक्ष गावाला, अशा संस्थांचे हाल झाले हे नाकारत नाही. पण देणगीदाराच्या बाजूने बघितलं तर पहिल्यांदा काहीतरी हातात आलं. संस्थेने प्रत्येक देणगीदाराची माहिती १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मे पर्यंत भरायची, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि त्यातून निघालेलं १०बीई सर्टिफिकेट देणगीदाराला द्यायचं. साधी छापील पावती आता सुटीला पुरत नाही. नव्या मान्यता नंबरची पहिली दहा अक्षरं म्हणजे संस्थेचा पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर टी असेल तर ट्रस्ट, सी असेल तर कंपनी, पी असेल तर ती चक्क एक व्यक्ती. ही इतकी सोपी खूण आहे, पण बघतं कोण.

परदेशी निधीचा कायदा त्याच वर्षी कडक झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. हा नियम फक्त परदेशी पैशाला आहे, पण तेव्हापासून इथले देणगीदारही गावातल्या समुपदेशन केंद्राला "तुमचा अ‍ॅडमिन खर्च २० च्या आत आहे का" विचारायला लागले. जिथे पगार हेच काम आहे तिथे या टक्केवारीवरून काय कळणार.

आणि फसवणूक तोवर वेगळ्याच दाराने आत आली होती. मार्च २०२० मध्ये केंद्राचा नवा मदत फंड (पीएम केअर्स) जाहीर झाला आणि लगेच त्याच्या यूपीआय आयडीतलं फक्त एक 'एस' अक्षर गाळलेला खोटा आयडी फिरायला लागला. इथे ना एफ नंबर कामाचा ना ८०जी, कारण संस्था खरीच होती, खातं खोटं होतं. दुर्मिळ आजारावरच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी बाळांचे फोटो फॉरवर्ड होऊ लागले तेव्हाही तेच, तिथे तर संस्थाच नसते, पैसा एका कुटुंबासाठी असतो आणि त्यावर ८०जी लागतच नाही.

आता २०२१ नंतरच्या पहिल्या खेपेतल्या बऱ्याचशा मान्यता ३१ मार्च २०२६ पर्यंतच्याच होत्या, त्यामुळे पावतीवरची तारीख बघणं परत गरजेचं झालंय. पण दरम्यान २०२३-२४ पासून नवी करप्रणाली डिफॉल्ट झाली आणि तिच्यात पगारदार माणसाला ८०जी ची सूटच नाही. सूट नाही म्हणून पॅन द्यायचा कंटाळा, पॅन नाही म्हणून १०बीई मध्ये नीट नोंद नाही, आणि नोंद झाली की नाही हे मे महिना उलटल्यावर संस्थेला फोन करून विचारणारा जो माणूस होता, तो स्वतःच्या सुटीसाठी विचारत होता. त्याने विचारायचं बंद केलंय, आता तो क्यूआर कोड मागतो आणि पावती नको म्हणतो.