सागरी मृत्शिल्प

प्रवाळ, स्पंज, समुद्रफुले, शिंपले यांच्या आकारांवरून घडवलेली आणि या जीवांचे परस्परावलंबन मांडणारी भाजलेल्या मातीची शिल्पे.

समुद्रातले जीव मातीकामात आणण्याची हौस जुनी आहे. ग्रीसच्या क्रीट बेटावरील प्राचीन मिनोअन संस्कृतीतले कुंभार इ. स. पू. 1500 च्या सुमारास भांड्यांवर ऑक्टोपस रंगवत. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बेर्नार पालिसी या कुंभाराने खरे मासे, साप आणि शिंपले यांचे साचे घेऊन ते थाळ्यांवर बसवले. तरी त्या थाळ्यांत प्रत्येक प्राणी सुटाच वाटतो. कोण कोणावर जगतो, हा प्रश्न तिथे नाही. तो आधुनिक शिल्पकारांनी आणला.

त्यांपैकी अमेरिकेतील कोर्टनी मॅटिसन यांचे काम सर्वाधिक परिचित आहे. सागरी परिसंस्था आणि मृत्तिकाकला या दोन्हींचे शिक्षण त्यांनी घेतले. ‘अवर चेंजिंग सीज’ ही त्यांची भिंतभर शिल्पांची मालिका 2011 मध्ये सुरू झाली. त्या साचे वापरत नाहीत. पोकळ आकार हाताने उभे करायचे आणि चॉपस्टिक किंवा ब्रशच्या दांड्याने त्यांवर हजारो छिद्रे पाडायची, अशी त्यांची रीत आहे. काम कंटाळवाणे खरे, पण प्रवाळाची वसाहतही एकाच घटकाच्या अशाच पुनरावृत्तीने वाढते. जकार्तातील अमेरिकी दूतावासासाठी 2018 मध्ये केलेल्या ‘कॉन्फ्लुअन्स’मध्ये असे 2000 हून अधिक तुकडे आहेत.

या विषयाला माती इतकी का मानवते, याचे उत्तर झिलईत, म्हणजे भट्टीत वितळून मातीवर बसणाऱ्या काचेसारख्या थरात, सापडते. प्रवाळाचा रंग बव्हंशी त्याचा स्वतःचा नसतो. पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या प्रवाळजीवाच्या, ऊतकांत सूक्ष्म शैवले राहतात. ती त्याला अन्न देतात आणि तो त्यांना आसरा. पाणी फार काळ तापलेले राहिले की पॉलिप शैवले बाहेर टाकतो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. शिल्पकाराला हे दाखवण्यासाठी वेगळे रूपक शोधावे लागत नाही: रंगीत झिलई दिली की प्रवाळ जिवंत, न दिली की पांढराफटक. मॅटिसन यांच्या मालिकेतील 2014 च्या तिसऱ्या शिल्पात चक्रीवादळासारखा भोवरा आहे. मध्यभागी रंग आणि कडेला पांढरे सांगाडे. खटकते ते एवढेच, की कोरे पोर्सेलिन मुळातच देखणे असते. पाटी न वाचणारा प्रेक्षक त्या मरणकळेचे कौतुक करून पुढे जाऊ शकतो.

रसायनशास्त्रानेही यात एक विसंगती ठेवली आहे. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तेच द्रव्य अनेक झिलयांत घालतात. भट्टीत तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे समुद्र तापवणारा आणि आम्लधर्मी करणारा वायूच. भट्टीच्या इंधनातून सुटणारा वायू वेगळाच. शिल्पातून सुटणारे प्रमाण नगण्य असले, तरी पर्यावरणाची बाजू मांडणाऱ्या कलेने ते नजरेआड करू नये.

भाजलेली माती समुद्रात परत नेण्याचे प्रयोगही झाले आहेत. हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये होई हा वान सागरी उद्यानात त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या 128 टेराकोटा फरशा तळाशी बसवल्या. त्यांवरच्या वळणदार खाचांत प्रवाळांचे तुकडे लावले जातात. गाळ साचून ते गुदमरू नयेत, हा त्या खाचांचा उद्देश.